यवसुरेची पारख

ज्या घरी चातुर्मासात कांदा-लसूण उंबऱ्याबाहेर राहतो, त्या आमच्या जळगावच्या घरात गेल्या पौष महिन्यातील एका रविवारी सकाळी माजघरातील मेजावर यवसुरेच्या सहा बाटल्या ओळीने उभ्या होत्या. वाचकांनी एवढ्यावरच पान उलटू नये. आम्ही त्रेसष्ट वर्षांचे आहोत. आजवर ह्या पदार्थाचा थेंबही आमच्या जिभेला लागलेला नव्हता, आणि कोणास त्याची शिफारस करण्याचा आमचा मनोदय नाही. परंतु त्या दिवशी आम्हांस परीक्षकाच्या आसनावर बसविण्यात आले होते, आणि परीक्षकाने जे आढळले ते सांगावे हेच बरे.

खटला आमच्या भाच्याचा होता. अक्का ही आमची वडील बहीण. तिचा हा धाकटा मुलगा सात वर्षांपूर्वी एडिंबरोच्या हेरियट-वॅट विद्यापीठात शिकावयास गेला. तो अन्नरसायन शिकतो असे अक्का सर्वांना सांगे, कारण त्याने तिला तसेच सांगितले होते. ते अगदीच खोटे नव्हते. तेथे मद्य आंबविण्याचे व गाळण्याचे शास्त्र स्वतंत्रपणे शिकवितात, जगभरातून विद्यार्थी त्यासाठी जातात, आणि त्यात रसायनशास्त्राचा भाग मोठा असतो. एवढाच तपशील फोनवरून सांगावयाचा राहून गेला. पुढे नोकरी लागली. कोठे, तर “एका कारखान्यात”. स्थळे सांगून येऊ लागली तेव्हा कारखाना कसला हा प्रश्न निघाला, आणि ह्या खेपेस घरी आल्यावर दुसऱ्याच रात्री त्याने आईला सरळ सांगून टाकले, की मी बिअर करतो.

अक्का दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. हा नुसता सोवळ्याचा राग असता तर आम्ही तो हसण्यावारी नेला असता. पण तिच्या थोरल्या दिरांनी गिरणाकाठची आठ एकर काळी जमीन बाटलीपायी घालविली, आणि खरेदीखतावर सही करताना त्यांचा हात कसा कापत होता हे तिने दाराआडून पाहिलेले आहे. तिसऱ्या दिवशी ती आम्हांस म्हणाली, “तू जन्मभर मुलांचे पेपर तपासलेस. ह्याने सात वर्षांत काय केले तेही तपास आणि मला खरे ते सांग. माझा मुलगा म्हणून एक गुण वाढवू नकोस. मी त्या वस्तूला हात लावणार नाही.”

बाटल्या त्याने स्वतःच्या हाताने केलेल्या मालाच्या होत्या. प्रत्येकीत ३३० मिलिलिटर, म्हणजे सहांत मिळून १,९८०. परदेशाहून येणाऱ्या प्रवाशास दोन लिटरांची जी सवलत असते तिच्यात वीस मिलिलिटर शिल्लक. हा हिशेब पाहून मुलगा आईवर गेला आहे अशी आमची खात्री पटली. आता राहिला आमचा प्रश्न. १९४९ सालचा दारूबंदीचा कायदा आपल्या राज्यात, वेळोवेळी दुरुस्त होऊन, आजही लागू आहे, आणि पिणाऱ्यापाशी परवाना असावा लागतो. आम्ही तो रीतसर काढला. त्यावर आमचे नाव वाचून आमच्या सौभाग्यवतींनी तो कोणाच्या दृष्टीस पडू नये म्हणून पंचांगात घालून ठेवला. आमच्या घरी येणारा प्रत्येक पाहुणा प्रथम पंचांगच उघडतो हे त्यांच्या ध्यानात राहिले नाही.

बिअर आपल्याकडे गोऱ्या पलटणींबरोबर आली. एकोणिसाव्या शतकात एडिंबरोच्या भट्ट्यांतून पिंपेच्या पिंपे जहाजाने हिंदुस्थानात येत असत. पुढे कसौलीच्या थंड डोंगरावर एडवर्ड डायर ह्याने भट्टी घातली. जालियनवाला बागेत गोळीबार करविणारा डायर तो ह्याचाच मुलगा. त्या व्यवसायातील मीकिन ह्यांची एक भट्टी पुण्याजवळ खडकीसही होती. हल्ली लहान प्रमाणावर, हाताने मुरवून बिअर करण्याची जी टूम निघाली आहे तिचा आपल्या राज्यातील आरंभ २००९ साली पुण्यात ‘डूलाली’ ह्या नावाने झाला. हे नाव परके वाटते, पण ते आपले देवळाली! नाशिकजवळच्या त्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत पडलेले सोजीर उन्हाने आणि रिकामपणाने भ्रमिष्ट होत. त्या अवस्थेस ते ‘डूलाली टॅप’ म्हणत. टॅप म्हणजे ताप. भुसावळहून मुंबईस जाताना आपण ज्या स्टेशनावर चहा घेतो त्याच्या नावाचा इंग्रजीत असा अर्थ झाला आहे.

असो. भाच्याने बाटल्यांना हात लावण्यापूर्वी धान्याच्या तीन लहान पुड्या सोडल्या आणि प्रथम त्या पाहा असे आम्हांस म्हटले. अक्का दाराशी पाठ करून तांदूळ निवडीत बसली होती. पाठ बाटल्यांकडे होती. पण धान्याची पुडी सुटल्याचा आवाज आल्यावर मान न वळविणे तिच्याने कसे व्हावे? तिने हात पुढे केला. पहिल्या पुडीतील चार दाणे तोंडात टाकून तिने ते दाढेखाली धरले.

“हे जव आहेत. भिजवून, मोड आणून वाळवलेत. मोड चोळून काढलेत. मग मंद भाजलेत.” आणि थोड्या वेळाने, “नाचणीचे मी असेच करते.”

सात वर्षांच्या शिक्षणातील पहिले वर्ष तिने एका घासात सांगितले, असे भाचा पुढे आम्हांस म्हणाला. माल्ट, माल्ट म्हणून ज्याचा एवढा बोलबाला ते हेच. दाणा भिजला, की आता रुजावयाचे आहे अशी त्याची समजूत होते, आणि अंकुराच्या उपयोगासाठी तो आपल्या पिठाची साखर करणारी द्रव्ये निर्माण करू लागतो. नेमक्या त्या वेळी त्याला वाळवून थांबवावयाचे. नाचणीचे सत्त्व करणारी बाई रात्रभर भिजविते, फडक्यात बांधून एक-दोन दिवस मोड येऊ देते, उन्हात वाळविते, हलके भाजते, दळून वस्त्रगाळ करते. जवाचा माल्ट करणारा दोन दिवस भिजवितो, चार-पाच दिवस अंकुरवितो आणि गरम हवेने वाळवितो. फरक एवढाच. मोडाच्या पिठाचा एक चमचा घट्ट लापशीत टाकला तर ती पातळ होते, हे आपल्या बायकांस ठाऊक असलेले कौतुक. त्याचा पद्धतशीर अभ्यास बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास ह्यांनी १९८० नंतरच्या दशकात केला, कारण लापशी पातळ झाली की तान्ह्या मुलाच्या पोटात तेवढ्याच वाटीतून अधिक अन्न जाते. भट्टीवाला हेच माल्ट भरडून सुमारे ६५ ते ७० अंशांच्या पाण्यात तासभर ठेवतो, आणि पिठाचे गोड पाणी होते. येथपर्यंत बाळाची वाटी आणि सोजिराचा पेला ह्यांचा मार्ग एकच आहे. पुढे किण्व घातले की वाटा फुटतात.

दुसऱ्या पुडीतील दाणे तांबूस होते. ते ओले असतानाच उबवून मग भाजलेले, त्यामुळे साखर आतल्या आत झालेली व तीच आटलेली. अक्का म्हणाली, “काकवी.” तिसऱ्या पुडीतील दाणे कोळशासारखे काळे. ते तिने तोंडात घातले नाहीत, नुसते बोटाने चुरडले.

“हे करपवलेस.”

“मुद्दाम, आई. शंभरात एक-दोनच घालायचे. रंगापुरते.”

दोन दिवसांनंतर दोघांत झालेले हे पहिले संभाषण.

स्कॉटलंडची ही जुन्या धाटणीची जड यवसुरा म्हणजे मुख्यतः माल्टचीच चव. माल्टचे पहिले दाट पाणी निराळे काढून पुष्कळ वेळ उकळवितात. गुऱ्हाळात रस आटत असताना जो वास सुटतो त्याच जातीचा वास तेथे सुटतो. हवा थंड, म्हणून आंबणे सावकाश चालते आणि फळांसारखा उग्र वास येत नाही. बिअरला कडवटपणा देणारी हॉप्सची फुले स्कॉटलंडात पिकत नसत, ती इंग्लंडातून आणावी लागत. म्हणून स्कॉच लोक ती हात आखडून घालीत, असे पुस्तकांतून सांगतात. परंतु जुन्या भट्ट्यांच्या वह्या ज्यांनी अलीकडे चाळल्या त्यांना तसे आढळले नाही. पुष्कळ ठिकाणी फुले इंग्लंडाइतकीच पडत. पिटाच्या धुराविषयीही हाच घोटाळा आहे. तो धूर काही व्हिस्कींचा; ह्या यवसुरेत तो शोधणारा परीक्षक कच्चा समजावा. प्रकारांची नावे मात्र मोठी मौजेची : साठ शिलिंगी, सत्तर शिलिंगी, ऐंशी शिलिंगी. एका पिंपाची एके काळची जी किंमत तेच मालाचे नाव. सर्वांत जड प्रकार लहान बाटलीत मिळे, म्हणून त्यास ‘वी हेवी’, म्हणजे इवलीशी पण भारी, असे लाडके नाव पडले. ह्या लोकांचा माल्टवर जीव किती, ते १७२५ साली दिसून आले. त्या वर्षी माल्टवर कर बसला आणि ग्लासगोत मोठा दंगा झाला.

परीक्षेची रीत भाच्याने आम्हांस समजावून दिली. अमेरिकेत १९८५ साली स्थापन झालेली बिअरच्या परीक्षकांची एक संस्था आहे. तिचा कागद पन्नास गुणांचा : वासाला बारा, रूपाला तीन, चवीला वीस, तोंडात जाणवणाऱ्या भरीवपणाला पाच आणि एकंदर परिणामाला दहा. रूपाला तीनच गुण असलेली ही परीक्षा पाहून आम्हांस वधूपरीक्षेची आठवण झाली, आणि तेथेही हे प्रमाण लागू व्हावे असे वाटले.

बर्फासारखे थंड करून चव पाहू नये, हा पहिला नियम. थंडीने वास मुका होतो. बारा-चौदा अंश पुरे; आणि पौषातल्या खानदेशात त्यासाठी यंत्र लागत नाही, बाटल्या रात्रभर गच्चीवर ठेवल्याने काम झाले. (वैशाखात ह्याच गच्चीवर पापड भाजले असते.) योग्य पेला आमच्या घरी कोठून असणार? पाण्याचे काचेचे फुलपात्र घेतले, ते प्रथम राखेने घासले, कारण साबणाचा किंवा तुपाचा अंश राहिला तर फेस बसतो. पेला अर्धाच भरला.

रंग सुंदर होता. उजेडाकडे धरल्यावर तांबड्या गुळाचा, कडेला माणकाची छटा. फेस पातळ, सायीच्या रंगाचा. तीनपैकी तीन. वासाला आम्ही नाक पुढे केले ते भीतभीतच, आणि आला तो आमच्या आजीच्या स्वयंपाकघराचा वास. भाजणी भाजताना शेवटी शेवटी येतो तो खमंगपणा, पावाच्या कडेचा खरपूसपणा, मागे काकवी, आणि त्याही मागे काहीतरी स्निग्ध. भाच्याने बजावले होते की आवडले-नावडले लिहू नये, काय आढळले ते लिहावे. येथे आम्हांस आपल्या भाषेची श्रीमंती प्रथमच कळली. इंग्रज परीक्षक टोस्ट, बिस्किट, टॉफी अशा पदार्थांची नावे रचून जे सांगतो, ते आपण खमंग, खरपूस, करपट ह्या तीन पायऱ्यांनी सांगतो, आणि पायरी चुकली तर घरातील कोणतीही सून सांगू शकते.

पहिला घोट गोड लागेल अशी अपेक्षा होती. गोड लागला, परंतु मध्येच ती गोडी आवरली गेली आणि शेवटी जिभेच्या मुळाशी एक कोरडा, किंचित तुरट कडवटपणा राहिला. काळ्या दाण्यांचे आणि फुलांचे ते काम. भरीवपणा लापशीच्या निवळीइतका. गिळल्यावरही चव बराच वेळ रेंगाळली. दुसरा घोट पहिल्याहून बरा वाटला, तिसरा दुसऱ्याहून. चौथ्यानंतर आमची कानशिले गरम झाली.

ही गोष्ट आम्ही कागदावर लिहिली. नेहमीच्या बिअरमध्ये मद्यार्क शेकडा पाचाच्या आसपास असतो, हिच्यात तो साडेसात होता. आणि खमंग गोडीआड तो अजिबात कळत नव्हता. परीक्षकांच्या लेखी हा गुण आहे. चांगल्या मालात मद्यार्क जिभेला झोंबू नये असेच ते म्हणतात. आम्ही अक्काला हे जसेच्या तसे सांगितले : माल उत्तम आहे, आणि उत्तम आहे म्हणूनच हिच्यापासून जपले पाहिजे. ती तांदळातून मान वर न करता म्हणाली, “ते मला नवीन नाही. पुढे सांग.”

आमची बेरीज अडतीस झाली. वासाला नऊ, चवीला पंधरा, भरीवपणाला चार, एकंदरीस सात. त्या संस्थेच्या कोष्टकात अडतीस म्हणजे उत्कृष्टाची पहिली पायरी. भाच्याने कागद पाहिला, आणि आमची अशी कल्पना होती की तो खूश होईल. त्याने पेन काढून आमचे गुण खोडावयास सुरुवात केली. वासाला सात. चवीला तेरा. एकंदरीस सहा. तेहतीस.

“मामा, तुम्ही ‘काहीतरी स्निग्ध’ लिहिलेत आणि त्याला गुण दिलेत. तो दोष आहे.”

तो दोष म्हणजे लोण्याचा वास! डायॲसिटिल नावाचे एक द्रव्य किण्व आंबविताना निर्माण करते, आणि काम संपत आले की तेच किण्व ते पुन्हा शोषून घेते. दह्यालोण्याला सुवास येतो तोही ह्याच द्रव्याचा. ज्या घरात तुपाच्या वासाने माणसे पानावर येऊन बसतात, तेथे हा वास दोषांच्या यादीत घालणे आम्हांस मुळीच पटेना. जड स्कॉच यवसुरेत तो जेमतेम चालतो, असे भाचा म्हणाला. पण येथे तो जेमतेमहून अधिक होता, आणि हे त्याला बाटल्या भरतानाच कळले होते. आम्ही वाद घालीत होतो तोच दारातून आवाज आला.

“इथवर येतोय तो वास. लोणी कढायला ठेवल्यावर आधी येतो तसला. विरजण पुरते लागायच्या आधी हलवलेस तू.”

भाचा गप्प झाला. मग म्हणाला, “विमानाचे तिकीट काढलेले होते. आणखी दोन दिवस ऊबेत ठेवायला हवे होते. मी आधीच थंड करून भरले.”

“घाई कोणासाठी केलीस?”

ह्याचे उत्तर त्याने दिले नाही, आणि तिनेही पुन्हा विचारले नाही. ती उठून आत गेली.

दुपारी भरीत होते. बामणोदची हिरवी लांब वांगी परसात कपाशीच्या काड्यांवर भाजून लाकडी बडगीत मिरच्यांबरोबर ठेचली होती, सोबत कळण्याची भाकरी. मिरचीने जीभ बधिर होते म्हणून परीक्षा जेवणापूर्वी उरकली होती. परंतु राहिलेला अर्धा पेला आम्ही भरिताबरोबर घेऊन पाहिला, आणि प्रामाणिकपणे सांगावयाचे तर धुराच्या वासाशी ती खमंग गोडी फार चांगली जमते. हा शेरा आम्ही अक्काच्या पाठीमागे लिहिला.

जेवताना भाच्याने भाकरी मोडून हुंगली आणि दादर ज्वारीचे बोलणे काढले. आफ्रिकेत ज्वारीची बिअर शतकानुशतके घरोघर होते. नायजेरियाने १९८८ साली जवाच्या माल्टची आयात बंद केली तेव्हा तेथील मोठमोठे कारखानेही ज्वारीकडे वळले. दादरचे माल्ट करून पाहावे असे त्याच्या मनात आहे. अडचणी दोन. ज्वारीचे पीठ मऊ व्हावयास जवापेक्षा अधिक उष्णता लागते, आणि पिठाची साखर करण्याचा जोर तिच्या माल्टात कमी. अक्का वाढता वाढता म्हणाली, “तिसरी अडचण राहिली. ज्वारीचे कोवळे पोगे खाऊन गुरे मरतात. मोड ठेवू नकोस, सगळे चोळून काढ.” ते खरेच आहे, ज्वारीच्या अंकुरात विषारी द्रव्य तयार होते आणि माल्ट करताना अंकुर व मुळ्या काढून टाकाव्याच लागतात. भाचा ताटावरून उठून वही घेऊन आला. उष्ट्या हाताने लिहू नये म्हणून त्यास दोघींनी एकदम रागे भरले, आणि घर पूर्ववत झाले असे आम्हांस वाटले. पुरते झाले नव्हते. स्थळांचे काय, हा प्रश्न अजून तसाच आहे, आणि अक्काने त्याविषयी अवाक्षर काढलेले नाही.

चार बाटल्या उरल्या होत्या. त्या घरात राहू नयेत हे तिचे म्हणणे आम्हांसही मान्य होते; भाच्याने स्वतः त्या मोरीत ओतल्या. पुड्यांतील माल्ट मात्र तिने ठेवून घेतले. काळे दाणे वगळून बाकीचे दुसऱ्या दिवशी भाजणीत दळले आणि थालीपीठ लावले. ते अंमळ गोड झाले होते. धने आणखी हवे होते.

त्या संध्याकाळी भाचा मुंबईच्या गाडीसाठी बॅग भरीत असता ती गुणांचा कागद घेऊन बसली. तळाशी परीक्षकाच्या सूचनेसाठी दोन ओळी मोकळ्या होत्या. आम्ही तेथे काहीच लिहिले नव्हते. “लिही,” ती आम्हांस म्हणाली आणि तिने सांगितले ते आम्ही लिहिले : “भाजणी बरोबर. आणखी दोन दिवस ठेवावयास हवे होते. घाई करू नये.” खाली परीक्षकाची सही लागते असे आम्ही म्हटल्यावर तिने चष्मा शोधून आणला.